विलंबाची पहिली चाहूल

ज्या रस्त्यावर मैलाचे दगड नसतात, त्या रस्त्यावरील प्रवाशाला आपणास उशीर झाला हे बहुधा मुक्कामी पोहोचल्यावरच कळते. सोळाव्या शतकात शेरशहा सुरीने व त्याच्यानंतर मोगल बादशहांनी उत्तर हिंदुस्थानातील राजमार्गांवर कोसाकोसाला मनोरे उभारले. सुमारे तीस फूट उंचीचे, विटा आणि चुन्याचे हे कोसमिनार हरियाणात आजही कोठे शेतात, कोठे वस्तीत उभे असलेले दिसतात. वाट दाखविणे हा त्यांचा एक उपयोग झाला. दुसरा उपयोग अधिक सूक्ष्म होता. दिवसाकाठी दहा कोस जावयाचे ठरवून निघालेल्या तांड्याला सूर्य माथ्यावर आला असता तिसराच मनोरा दिसला, तर आजचा मुक्काम हुकणार हे त्याला तेथेच समजे. पावले उचलावयाची की अलीकडच्या सराईत थांबावयाचे, हे ठरविण्यास त्याच्या हाती अर्धा दिवस असे. तेच ज्ञान अंधार पडल्यावर झाले असते तर त्याचा उपयोग काय होता?

धरणे, रेल्वेमार्ग, कारखाने यांसारख्या मोठ्या कामांची कथा याहून वेगळी नाही. अशा कामाला उशीर होतो तो शेवटच्या महिन्यात होत नाही. शेवटच्या महिन्यात तो फक्त जाहीर होतो. त्याचा जन्म पुष्कळ आधी, एखाद्या न आलेल्या नकाशात, एखाद्या न मिळालेल्या जमिनीच्या ताब्यात किंवा एखाद्या आठवडाभर लांबलेल्या निविदेत झालेला असतो. तेव्हा तो इतका लहान असतो की त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही; आणि लक्ष जाण्याइतका तो मोठा होतो तेव्हा इलाजाची वेळ टळलेली असते. ही पहिली चाहूल वेळेवर कशी ओळखावी, या प्रश्नाशी माणसाने गेली सव्वाशे वर्षे जी झटापट केली, तिचा इतिहास बोधप्रद आहे.

या इतिहासाचा आरंभ पोलंडमधील एका अभियंत्यापासून करावयास हवा. कारोल अदामिएत्स्की हा पोलादाच्या लाटण कारखान्यांत काम करीत असे. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे माल जाताना कोठे तरी तो खोळंबतो आणि त्या एका खोळंब्यामुळे सारा कारखाना अडतो, हे त्याच्या ध्यानी आले. १८९६ साली त्याने या कामांचा परस्परमेळ कागदी पट्ट्यांच्या साहाय्याने दाखविण्याची एक पद्धत बसविली आणि तिला ‘हार्मोनोग्राम’ असे नाव दिले. परंतु त्याचे लेखन पोलिश व रशियन भाषांत होते. त्यामुळे पश्चिमेकडील देशांना त्याचा पत्ताही लागला नाही आणि त्याच विचाराचे श्रेय पुढे हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावावर जमा झाले.

गँटचा जन्म १८६१ मधला. कारखान्यातील दैनंदिन कामाचे तक्ते तो बरीच वर्षे आखीत होता. पण त्याच्या तक्त्याची खरी कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तेथील शस्त्रखात्याकडे आकड्यांची मुळीच वाण नव्हती. किती तोफगोळ्यांची मागणी नोंदविली, किती तयार झाले, किती रवाना झाले, यांची जंत्री तयार होती. मात्र या जंत्रीवरून काम वेळेवर चालले आहे की मागे पडले आहे, हे सांगता येत नव्हते. शंभरांपैकी साठ गोळे तयार झाले, हे वाक्य ऐकावयास बरे वाटते. आजपर्यंत ऐंशी व्हावयास हवे होते हे कळल्यावर त्याचा अर्थ पालटतो. गँटने आकड्याला दिनांकाची जोड दिली. कागदावर डावीकडून उजवीकडे काळ मांडला, प्रत्येक कामासमोर ते केव्हा सुरू होऊन केव्हा संपावे याची रेघ ओढली आणि तिच्याखाली प्रत्यक्ष झालेल्या कामाची जाड रेघ ओढली. आजच्या तारखेच्या उभ्या रेघेपर्यंत जाड रेघ पोहोचली नाही, की काम तितके मागे. शस्त्रागारांत आणि पुढे व्यापारी जहाजे बांधण्याच्या मोहिमेत हे तक्ते वापरले गेले. १९१९ मध्ये गँट वारला. त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क याने १९२२ साली या तक्त्यावर पुस्तक लिहिले आणि त्यानंतर हा तक्ता जगभर पसरला.

तरीही या तक्त्यात एक उणीव होती. कोणते काम मागे आहे हे तो दाखवी. त्या मागे पडण्याने पुढचे कोणते काम अडणार, हे मात्र तो सहजासहजी सांगत नसे. एखाद्या इमारतीचा रंग पंधरा दिवस लांबला आणि तिच्या पायाचे काम पंधरा दिवस लांबले, तर तक्त्यावर दोन्ही रेघा सारख्याच आखूड दिसतात. व्यवहारात त्या सारख्या नसतात, हे कोणताही गवंडी सांगेल.

ही उणीव भरून काढणाऱ्या दोन पद्धती अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी, १९५७-५८ च्या सुमारास निघाल्या. ड्यू पाँट या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या गणकयंत्र कंपनीतील जेम्स केली या दोघांनी कारखान्यातील कामांचे जाळे आखून त्यातील सर्वांत लांब साखळी शोधून काढण्याची रीत बसविली. कामाचा एकूण कालावधी ही साखळीच ठरविते; म्हणून तिला निर्णायक मार्ग असे म्हणतात. या मार्गावरील कामाला एक दिवस उशीर झाला की सबंध प्रकल्पाला एक दिवस उशीर. मार्गाबाहेरील कामांना मात्र थोडीबहुत सवड असते. लुइव्हिल येथील कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागे, त्या बंदीचा काळ या रीतीमुळे १२५ तासांवरून ९३ तासांवर आला, अशी नोंद आहे.

दुसरी पद्धत अमेरिकन नौदलाची. पाणबुडीतून डागावयाचे पोलारिस क्षेपणास्त्र तयार करण्यासाठी १९५५ साली तेथे एक खास कार्यालय स्थापन झाले व त्याचे नेतृत्व रिअर अॅडमिरल विल्यम रेबॉर्न यांच्याकडे आले. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि पोलारिसची मुदत एकदम अलीकडे ओढली गेली. क्षेपणास्त्र, त्याचे इंधन, दिशादर्शक यंत्रणा आणि खुद्द पाणबुडी, सारेच नवे. आणि त्यासाठी राबणारे कंत्राटदार हजारो. अशा कामात कोणत्या गोष्टीला किती दिवस लागतील हे नेमके सांगणार कोण? म्हणून या कार्यालयाने प्रत्येक कामासाठी तीन अंदाज मागविले: सारे सुरळीत झाले तर लागणारा काळ, बहुधा लागेल तो काळ आणि सारे बिघडले तर लागणारा काळ. त्यांच्यावरून एक भारित सरासरी काढून सबंध जाळ्याची मुदत मोजली जाई. या पद्धतीला ‘पर्ट’ असे नाव पडले. १९६० च्या जुलै महिन्यात पाण्याखालून पहिले पोलारिस क्षेपणास्त्र डागले गेले आणि नोव्हेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन ही पाणबुडी ती अस्त्रे घेऊन गस्तीवर निघाली. पर्टची कीर्ती दिगंत झाली. देशोदेशींच्या सरकारांनी व कारखानदारांनी तिचे पाठ गिरवावयास आरंभ केला.

या यशोगाथेला एक दुसरी बाजू आहे. हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने पोलारिसच्या कारभाराचा बारकाईने तपास करून १९७२ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष तांत्रिक काम करणाऱ्या शाखांनी पर्टचा उपयोग फारसा केलाच नव्हता, असे त्याला आढळले. भिंतीवरील तक्ते, गणकयंत्रातून निघणारे कागद आणि आधुनिक व्यवस्थापनाचा तो सारा थाट यांचा मोठा लाभ असा झाला, की वरच्या अधिकाऱ्यांनी व राजकारण्यांनी या कार्यालयाच्या कामात हात घातला नाही. काम वेळेवर झाले याची कारणे समर्थ माणसे, भरपूर पैसा आणि वरिष्ठांचा निर्धार यांत अधिक होती. साधनाची कीर्ती आणि साधनाचा उपयोग या दोन गोष्टी निराळ्या असू शकतात, हा धडा ज्यांना तक्ते भरावयाचे व वाचावयाचे असतात त्यांनी विसरू नये.

मग साधन खरे बोलू लागते ते केव्हा? पहिली अट अशी की टप्प्याची खूण नि:संदिग्ध असली पाहिजे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीत एका प्रचंड संगणकप्रणालीच्या उभारणीचे नेतृत्व केले. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ साली लिहिलेल्या पुस्तकात या अटीवर विशेष भर दिला आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा, की टप्पा पार झाला की नाही याविषयी वाद घालण्यास जागाच उरू नये. ‘भूसंपादनाचे काम प्रगतिपथावर आहे’ ही खूण नव्हे. पहिल्या दिवशीही ते प्रगतिपथावरच असते. ‘शेवटच्या खातेदाराच्या जमिनीचा ताबा मिळाला आणि सातबाऱ्यावर नोंद झाली’ ही खूण होय. ‘नकाशे बहुतांशी तयार आहेत’ याला काही अर्थ नाही. ‘नकाशांवर मुख्य अभियंत्याची सही झाली’ याला आहे. बहुतांशी पुरे झालेली कामे वर्षानुवर्षे बहुतांशी पुरीच राहतात, हा सर्व देशांतील कचेऱ्यांचा अनुभव आहे.

ब्रुक्स यांनी सरकारी कंत्राटदारांच्या अंदाजांविषयीच्या एका अभ्यासाचाही हवाला दिला आहे. ज्या कामांना अंदाजापेक्षा कमी वेळ लागणार असतो, त्यांचे अंदाज काम चालू असता हळूहळू खाली येतात. परंतु ज्यांना अधिक वेळ लागणार असतो, त्यांचे अंदाज मुदत सुमारे तीन आठवड्यांवर येईपर्यंत जवळजवळ हलत नाहीत. सुवार्ता चालत येते आणि दुर्वार्ता दाराशी येईपर्यंत दबा धरून बसते, असाच याचा अर्थ. तेव्हा अंदाजावर विसंबून उशीर ओळखता येत नाही. तो पार झालेल्या खुणांवरूनच ओळखावा लागतो. त्याचे गणित अगदी साधे आहे. चोवीस महिन्यांच्या पुलाच्या कामात पहिल्या सहा महिन्यांत आठ टप्पे पार व्हावयाचे होते आणि सहाच झाले, तर कामाची गती तीन चतुर्थांश आहे. तीच गती राहिली तर चोवीस महिन्यांचे बत्तीस होतील. हे सहाव्या महिन्यात कळले तर अठरा महिने हाती असतात. आणि आपल्या देशात तर एक महिना नेहमी एक महिना नसतो. नदीतील पाया पावसाळ्यापूर्वी पाण्याच्या वर आला नाही, तर पंधरा दिवसांच्या चुकीची भरपाई चार महिने थांबून करावी लागते.

दुसरी अट, सगळे टप्पे सारखे मोजू नयेत. कोकण रेल्वेच्या इतिहासात याचे फार बोलके उदाहरण सापडते. १९९० साली या कामासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल आणि नव्वदांहून अधिक बोगदे, असे हे काम पाच वर्षांत उरकावयाचे होते. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा हे यांतील सर्वांत मोठे आव्हान, असे कोणालाही वाटले असते. पण सह्याद्रीचा कठीण कातळ यंत्रांनी फोडता आला. खरी परीक्षा पाहिली ती गोव्यातील पेडण्याच्या सुमारे दीड किलोमीटरच्या बोगद्याने. तेथील माती मऊ आणि पाण्याने भरलेली. खणावे तसतशी ती ढासळे. गोव्यातील मार्गाविषयीच्या वादामुळे १९९३ मध्ये तेथील काम काही काळ थांबले होते, तेही निराळेच. उत्तर आणि दक्षिण दोन्ही बाजूंचा मार्ग तयार होऊन त्यावर गाड्या धावू लागल्या, तरी पेडण्याचा बोगदा पुरा होईना. मार्गाच्या एकूण लांबीच्या पाव टक्क्याहूनही लहान अशा त्या तुकड्याने सबंध मार्गाची तारीख ठरविली. तो पुरा झाल्यावर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वे खुली झाली. काम नव्याण्णव टक्के झाले आहे, असा अहवाल या काळात कोणी दिला असता तर तो खोटा नव्हता. मात्र मुंबईहून मंगळुरास जाऊ इच्छिणाऱ्या उतारूच्या दृष्टीने तो निरर्थक होता. विलंबाची चाहूल सरासरीत लागत नाही. ती निर्णायक मार्गावरील एका अडलेल्या टप्प्यात लागते.

तिसरी अट तारखेविषयीची आहे. मूळ तारीख पुसली जाऊ नये. केंद्र सरकारच्या मोठ्या प्रकल्पांवर देखरेख ठेवण्यासाठी १९८५ साली एक स्वतंत्र खाते निर्माण झाले. १९९९ मध्ये ते सांख्यिकी खात्याशी जोडले गेले. प्रथम वीस कोटी रुपयांवरील आणि पुढे दीडशे कोटींवरील प्रकल्पांची प्रगती हे खाते पाहू लागले व त्याचे अहवाल नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागले. या अहवालांत प्रकल्पाची मूळ तारीख आणि सुधारित तारीख अशा दोन्ही तारखा दिलेल्या असत, ही त्यांची मोठीच उपयुक्तता. कारण केवळ सुधारित तारीख लिहिली की सात वर्षे रेंगाळलेला प्रकल्पही वेळेवर असल्यासारखा दिसतो. विलंबाची जी कारणे त्यांत वर्षानुवर्षे नोंदविलेली आढळतात, तीही पाहण्याजोगी आहेत: भूसंपादन, वनखात्याची व पर्यावरणाची संमती, निविदांना लागलेला वेळ, मध्येच बदललेली व्याप्ती, पैशाची तजवीज. यांतील जवळजवळ प्रत्येक कारण पहिली कुदळ पडण्यापूर्वी किंवा त्यानंतर लवकरच दिसण्यासारखे असते. कित्येक प्रकल्पांच्या बाबतीत पूर्ण होण्याची तारीखच कळविली गेलेली नाही, असेही हे अहवाल सांगत. ज्याला तारीखच नाही, त्याला उशीर होत नाही!

या साऱ्याची किंमत कोण देतो, हे पाहावयाचे तर विदर्भात जावे. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. आरंभीचा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता; पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचा हा संकल्प २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर झाला. धरणाची भिंत उभी राहिली. पण कालवे, वितरिका आणि पुनर्वसन मागे रेंगाळले आणि कोनशिलेला तीस वर्षे उलटली तेव्हाही काम पुरे झालेले नव्हते. भिंत हा डोळ्यांत भरणारा टप्पा खरा, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णायक मार्ग त्याच्या बांधापर्यंत येणाऱ्या शेवटच्या पाटचारीतून जातो. कोनशिलेच्या वेळी तिशीत असलेला शेतकरी पाण्याची वाट पाहता पाहता साठीत पोहोचला. प्रकल्पाच्या वहीत विलंबाचे महिने मोजले जातात. त्या माणसाच्या आयुष्यातून पिके वजा होतात.

चौथी अट तक्त्यात कोठेच लिहिलेली नसते, आणि तीच सर्वांत अवघड आहे. चाहूल प्रथम लागते ती कामावरच्या माणसाला. पाया खोदताना कातळाऐवजी गाळ लागला हे कनिष्ठ अभियंत्याला त्याच दिवशी कळते. सिमेंटच्या गोण्या आल्या नाहीत हे भांडारपालास ठाऊक असते. तलाठ्याला कोणता खातेदार ताबा देणार नाही हे मोजणीपूर्वीच माहीत असते. ही वार्ता तालुक्यातून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्यातून राजधानीकडे जाताना प्रत्येक टेबलावर थोडी थोडी मवाळ होत जाते. ‘अशक्य’चे ‘अवघड’ होते, ‘अवघड’चे ‘थोडी अडचण’ होते आणि अखेरच्या टिपणीत ‘प्रगती समाधानकारक’ असे अक्षर उमटते. यात कोणी एकजण मोठे असत्य बोललेला नसतो. बैठकीत उशीर सांगणाऱ्याची खरडपट्टी निघते आणि ‘होईल साहेब’ म्हणणारा सुटतो, हे पाहिलेल्या माणसाने दुसऱ्या महिन्यात खरे सांगावे, ही अपेक्षा करणे व्यर्थ होय.

ज्या कामांना वेळेचे भान राखता आले, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. दिल्लीच्या मेट्रो रेल्वेचा पहिला तुकडा २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाला आणि सुमारे ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा मुदतीच्या आधीच पुरा झाला. तेथेही प्रमुख श्रीधरन हेच होते. त्या कामांवर उलटी मोजणारी घड्याळे लावलेली असत. ठरलेल्या टप्प्याला किती दिवस उरले, हे मजुरापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सर्वांना रोज एकच दिसे. ते घड्याळ कोणास अहवाल लिहून पाठवीत नव्हते व कोणाचा अहवाल मवाळही करीत नव्हते. मात्र घड्याळाने मेट्रो बांधली असे म्हणणे पर्टने पोलारिस बांधले म्हणण्यासारखेच होईल. तेथील प्रमुखाला निर्णय घेण्याचा अधिकार होता, पैसा वेळेवर मिळत होता आणि अडचण सांगितल्यावर ती सोडविण्यास कोणी तरी उभे राहत होते. अडचण सांगून ती सुटते असा अनुभव आला, की माणसे ती लवकर सांगू लागतात.

म्हणूनच आढावा बैठकीत विचारण्याजोगे प्रश्न थोडेच आहेत. मागील महिन्यात पार होणारी कोणती खूण पार झाली नाही? ती निर्णायक मार्गावर आहे काय? मूळ तारखेपासून आपण किती दूर आहोत? आणि ज्याने ही गोष्ट प्रथम कळविली, त्याला मदत म्हणून काय पाठविले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तक्ता देतो. चौथ्याचे उत्तर बैठकीच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या माणसाने द्यावयाचे असते, आणि पुढच्या महिन्याचा तक्ता किती खरा असेल हे त्या उत्तरावरच ठरते.